‘रेंट’ला भाडे लिहिले आणि गुण गेले

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात : पत्रलेखिका 22 वर्षांच्या आहेत. तालुक्याच्या महाविद्यालयातून मराठी माध्यमात अर्थशास्त्र घेऊन त्या बी.ए. झाल्या, वर्गात पहिल्या आल्या, आणि आता पुण्यात एम.ए.च्या पहिल्या सत्रात शिकत आहेत. इथे शिकवणे, पुस्तके, प्रश्नपत्रिका सगळे इंग्रजीत आहे. संख्याशास्त्राच्या अंतर्गत परीक्षेत त्यांना 30 पैकी 22 गुण मिळाले, पण आर्थिक सिद्धांताच्या पेपरात फक्त 9. ‘रेंट’वरच्या प्रश्नाला त्यांनी घरभाडे आणि भाडेनियंत्रण कायदा लिहिला, ‘इन्व्हेस्टमेंट’चे उदाहरण म्हणून काकांनी घेतलेल्या प्लॉटचे दिले, आणि ‘इन्फ्लेशन कमी झाले म्हणजे किमती उतरल्या’ हे विधान बरोबर ठरवले. तिन्ही उत्तरे चुकली. “शब्दकोश उघडला की शब्द माहितीचाच निघतो, तरी वाक्य कळत नाही,” असे त्या लिहितात. 12,000 रुपये भरून इंग्रजी संभाषणाचा वर्ग लावावा, मैत्रिणीच्या सांगण्यावरून गाईड पाठ करावे, की विषय सोडून मराठीत एम.ए. करावे, असा त्यांचा प्रश्न आहे. वडील बी.एड.चा आग्रह धरून आहेत, त्यांना काय सांगावे हेही त्यांनी विचारले आहे.

नमस्कार.

तुमच्या पत्राचा सगळा भार ‘माझे इंग्रजी कच्चे आहे’ या एका वाक्यावर आहे. त्या वाक्यालाच मला आधी हरकत घ्यायची आहे, कारण तुमचे स्वतःचे गुण त्याच्या विरोधात साक्ष देतात. संख्याशास्त्रात तुम्हाला 22 गुण मिळाले. त्या पेपरातील ‘हेटेरोस्केडॅस्टिसिटी’सारखे शब्द उच्चारतानाही जीभ अडखळते, पण त्यांना एकच अर्थ असतो आणि तो तुम्ही वर्गातच पहिल्यांदा शिकता. ‘रेंट’, ‘गुड’, ‘इंटरेस्ट’, ‘डिमांड’ हे शब्द मात्र तुम्ही पाचवी-सहावीपासून ओळखता आणि नेमके तेच तुम्हाला दगा देत आहेत. इंग्रजी कच्चे असते तर अवघड शब्दांवर अडला असता. तुम्ही सोप्या शब्दांवर अडला आहात, म्हणून याला उपायही वेगळा लागेल.

ही अडचण मराठी माध्यमाच्या मुलांचीच आहे, हा तुमचा समजही मला तपासून पाहावासा वाटतो. माझ्या एम.ए.च्या दिवसांत इंग्लंडच्या ‘कॉर्न लॉज’वर शिकवले जात होते, तेव्हा मी वहीत ‘मक्याचे कायदे’ असे लिहून घेतले. शेजारी बसलेली मैत्रीण शाळेपासून इंग्रजी माध्यमात शिकलेली होती, आणि तिच्याही डोक्यात मकाच होता. पुढे कित्येक आठवडे आम्ही दोघी इंग्लंडात एवढा मका कुठे पिकत होता याचा विचार करत राहिलो. अमेरिकेत ‘कॉर्न’ म्हणजे मका, पण इंग्लंडात त्या काळी ‘कॉर्न’ म्हणजे धान्य, त्यातही मुख्यतः गहू. हे कायदे 1815 ते 1846 या काळात परदेशी धान्याची आयात रोखून धरत होते, आणि 1815च्या कायद्यानुसार देशी गव्हाचा भाव क्वार्टरमागे 80 शिलिंगांपर्यंत चढल्याशिवाय बाहेरचा गहू बाजारात येऊ शकत नव्हता. इथला ‘क्वार्टर’ही पाव किंवा तिमाही नव्हे, ते धान्य मोजण्याचे जुने माप आहे. एका वाक्यात असे दोन ओळखीचे शब्द फसवून गेले, आणि आम्ही दोघींनीही शब्दकोश उघडला नाही, कारण उघडण्याची गरजच वाटली नाही. इंग्रजी माध्यमाचे विद्यार्थी याच खड्ड्यात पडतात. फरक इतकाच, की त्यांना आपण पडलो आहोत याची शंकाही येत नाही. तुम्हाला ती आली.

अर्थशास्त्रात असे का होते, हे एकदा समजले की स्वतःला दोष देणे आपोआप कमी होते. वैद्यकाने आपल्यासाठी लॅटिन-ग्रीक धाटणीचे वेगळे शब्द घडवले, तर अर्थशास्त्र बाजारातल्या बोलण्यातून वाढले. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी 1890 साली आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला तेव्हा त्यांची भूमिका अशी होती, की हे शास्त्र सामान्य माणसाच्या व्यवहाराचे आहे आणि म्हणून त्याने व्यवहारातलेच शब्द वापरावेत. नवे शब्द घडवण्याचे प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. ‘युटिलिटी’ म्हटले की लोकांना उपयुक्तता आठवते, म्हणून विल्फ्रेडो पारेतो यांनी 1896 मध्ये ‘ऑफेलिमिटी’ हा शब्द पुढे केला, तर अर्व्हिंग फिशर यांनी 1918 मध्ये ‘वॉन्टेबिलिटी’ सुचवला. दोन्ही रुजले नाहीत, ‘युटिलिटी’ मात्र टिकला आणि त्याच्याबरोबर त्याचा गोंधळही. तुम्ही बारावीला मराठीतून शिकताना हा फरक मात्र स्वच्छ शिकला आहात. तंबाखूला उपयोगिता आहे, कारण ती कोणाची तरी गरज भागवते. उपयुक्तता नाही, कारण ती शरीराला अपाय करते. मराठीने इथे दोन शब्द वेगळे ठेवले आहेत.

आता तुमच्या चुकलेल्या उत्तरांकडे येऊ. ‘रेंट’वर मी जरा थांबणार आहे, कारण या एका शब्दात सगळी अडचण दिसते.

तुम्ही शेतकरी कुटुंबातल्या आहात असे पत्रावरून कळते, तेव्हा ‘खंडाने शेत देणे’ हा शब्दप्रयोग तुम्ही घरी ऐकला असणार. मराठी पाठ्यपुस्तकात भूमीचा मोबदला खंड, श्रमाचा वेतन, भांडवलाचा व्याज आणि संयोजकाचा, म्हणजे उद्योग उभारणाऱ्याचा, नफा असे चार शब्द तुम्ही पाठही केले होते. परीक्षेत ‘रेंट’ वाचल्यावर तुमचे मन शहरातल्या भाड्याच्या खोलीकडे गेले, गावाकडच्या शेताकडे गेले नाही. खंडाचा सिद्धांत मांडणारे अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डो यांना 1817 साली शेतच अभिप्रेत होते. समजा, एका शेतात एकरी 20 क्विंटल पिकते आणि दुसऱ्यात तेवढ्याच खर्चात 12 क्विंटल, आणि दुसऱ्या शेताचा खर्च जेमतेम निघतो. मग पहिल्या शेताचे जादा 8 क्विंटल हा रिकार्डो यांच्या अर्थाने खंड. त्यामुळेच त्यांना असे म्हणता आले, की खंड द्यावा लागतो म्हणून धान्य महाग होत नाही. धान्य महाग असते म्हणून खंड द्यावा लागतो.

पण गावातला खंडही तंतोतंत रिकार्डोंचा खंड नव्हे. मालकाने शेतात विहीर खोदली असेल, बांधबंदिस्ती केली असेल, तर खंडाच्या रकमेत त्या खर्चाचा मोबदलाही मिसळलेला असतो आणि शास्त्राच्या हिशेबाने तेवढा भाग भांडवलाचा, म्हणजे व्याजाचा असतो. रिकार्डोंचा खंड फक्त जमिनीच्या मूळच्या, न झिजणाऱ्या शक्तीचा. पुढे हा अर्थ जमिनीबाहेर पडला. एखादी गायिका कार्यक्रमाला एक लाख रुपये घेते, पण गाण्याचे काम नसते तर शिकवण्यातून तेवढ्याच वेळात तिला 10,000 रुपयेच मिळाले असते. मग वरचे 90,000 रुपये हाही ‘रेंट’. अ‍ॅन क्रूगर या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी 1974 मध्ये ‘रेंट सीकिंग’ हा शब्द रूढ केला, तेव्हा त्यांच्यासमोर एक उदाहरण भारताचेच होते. आयातीचा परवाना ज्याच्या हाती पडेल त्याला बाहेरची स्वस्त वस्तू आणून देशात चढ्या भावाने विकता येत असे. हा फरक म्हणजे ‘रेंट’, आणि तो परवाना मिळवण्यासाठी लोक वेळ, पैसा, ओळखी खर्च करत ती खटपट म्हणजे ‘रेंट सीकिंग’. भारतातील अशा ‘रेंट’चे 1964 सालचे मूल्य त्यांनी राष्ट्रीय उत्पन्नाच्या 7.3 टक्के काढले होते. भाड्याने घर शोधण्याशी याचा काहीही संबंध नाही. शेताचा खंड, गायिकेची जादा मिळकत आणि परवानेधारकाचा फायदा हे सगळे एकाच शब्दात बसतात, आणि ‘हे देणे थांबले तरी ती गोष्ट त्याच कामात राहील का’ असा प्रश्न विचारला की त्यांच्यातला धागा हाती लागतो. जमीन कुठे जाणार नाही, गायिका गाणे सोडणार नाही.

प्लॉटचे उत्तर थोडक्यात सांगता येईल. काकांनी 20 लाखांचा प्लॉट घेतला तेव्हा 20 लाख रुपये आणि एक सात-बारा यांची अदलाबदल झाली. देशातील विहिरी, यंत्रे, इमारती, रस्ते यांत एका विटेचीही भर पडली नाही. काकांच्या दृष्टीने ती गुंतवणूक आहेच. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात मात्र ती गुंतवणूक नाही. त्याच काकांनी कांदा साठवायची चाळ बांधली तर ती दोन्ही अर्थांनी गुंतवणूक. बाजारातून जुने शेअर घेणे प्लॉटसारखेच. इथे मराठी तुमच्या मदतीला येत नाही, कारण ‘गुंतवणूक’ हा शब्दही तोच दुहेरी अर्थ घेऊन वावरतो. म्हणून ‘मराठीत शिकले असते तर ही चूक झाली नसती’ हेही पूर्ण खरे मानू नका.

‘इन्फ्लेशन’मध्ये उलट घडले. आपण रोजच्या बोलण्यात ‘महागाई’ म्हणतो तेव्हा एक स्थिती सांगतो, वस्तू महाग असण्याची. इंग्रजी पुस्तकातले ‘इन्फ्लेशन’ ही गती आहे. 100 रुपयांची टोपली पहिल्या वर्षी 6 टक्क्यांनी वाढून 106ची झाली आणि दुसऱ्या वर्षी 4 टक्क्यांनी वाढून 110 रुपये 24 पैशांची झाली, तर ‘इन्फ्लेशन’ 6वरून 4वर उतरले आणि टोपली मात्र आणखी महाग झाली. घाट चढताना एसटीचा वेग मंदावला म्हणून ती घाट उतरू लागली असे होत नाही. तुम्ही ‘बरोबर’ लिहिलेत, कारण मनात ‘महागाई कमी झाली’ हे मराठी वाक्य होते, आणि त्या वाक्यात तुमचे काहीच चुकले नव्हते.

याच धर्तीचे आणखी काही शब्द तुम्हाला या सत्रात भेटणार आहेत. ‘नॉमिनल’ शुल्क म्हणजे नाममात्र, पण वाढत्या किमतींच्या काळात ‘नॉमिनल’ वेतनाचा आकडा ‘रिअल’पेक्षा मोठाच दिसत जातो, कारण त्यातून भाववाढ वजा केलेली नसते. 20,000चा पगार 21,000 झाला आणि त्याच काळात किमती 7 टक्क्यांनी वाढल्या, तर ‘रिअल’ वेतन जवळजवळ 2 टक्क्यांनी घटले. ‘मार्जिन’ हा वहीच्या पानावर समास असतो, दुकानात नफा असतो, आणि ‘मार्जिनल’ शेतकरी म्हणजे एक हेक्टरपर्यंत जमीन असलेला. पण ‘मार्जिनल कॉस्ट’ किरकोळ खर्च नसतो, तो आणखी एक नग काढण्याचा खर्च असतो. पूर्ण भरलेली एसटी ‘पब्लिक ट्रान्सपोर्ट’ असली तरी ‘पब्लिक गुड’, म्हणजे सार्वजनिक वस्तू, नाही, कारण एकाने जागा धरली की दुसरा उभा राहतो. रस्त्यावरचा दिवा मात्र ‘पब्लिक गुड’, कारण माझ्यावर पडलेल्या उजेडाने तुमचा उजेड कमी होत नाही. बँकेतले चालू खाते आणि देशाच्या चालू खात्यावरील तूट यांचेही नाव तेवढे एक.

‘इन्फीरिअर गुड’बद्दल मला स्वतंत्र बोलायचे आहे, कारण तिथे मराठी परिभाषाही आपल्याला चुकीच्या वाटेने नेते असे माझे मत आहे. आपण तिला ‘हलक्या प्रतीची वस्तू’ म्हणतो आणि ती वस्तूच वाईट असे मनात बसते. मूळ अर्थ इतकाच आहे, की उत्पन्न वाढले की जिची मागणी घटते ती. एकेकाळी हाती चार पैसे आले की घरोघरी ज्वारी-बाजरीची भाकरी मागे पडून गव्हाची पोळी आली, तेव्हा त्या घरांपुरती बाजरी ‘इन्फीरिअर’ होती. आज शहरात चांगल्या मिळकतीची कुटुंबे मुद्दाम ज्वारी-बाजरी विकत घेतात, म्हणून त्यांच्यापुरती ती तशी राहिलेली नाही. धान्य तेच, दाणा तोच. बदलले ते उत्पन्न आणि मागणी यांचे नाते. हे तुम्ही परीक्षेत स्वतःच्या घरच्या उदाहरणाने लिहू शकाल, आणि तसे लिहिणारी मुले फार थोडी असतात.

आता तुमच्यासमोरचे पर्याय पाहू. संभाषणाचा वर्ग वाईट नाही. चर्चासत्रात उभे राहून बोलायचे असेल, तोंडी परीक्षा द्यायची असेल तर त्याचा उपयोग होईल, आणि परवडत असेल तर उन्हाळ्याच्या सुटीत जरूर लावा. पण ‘रेंट’ म्हणजे खंड हे तिथे कोणी शिकवणार नाही, म्हणून या 9 गुणांवरचा इलाज समजून 12,000 रुपये भरू नका. गाईड पाठ करून व्याख्येचा प्रश्न सुटेल, पण ‘विधान चूक की बरोबर ते सकारण सांगा’ इथे पुन्हा पाय घसरेल, कारण पाठ केलेली व्याख्या आणि मनात आधीपासून बसलेला अर्थ यांची गाठच पडलेली नसते. मराठीत एम.ए. करण्याबद्दल मी एवढेच विचारीन, की बी.ए.ला असताना तुम्हाला तसे कधी वाटले होते का? पत्रात मराठी साहित्याविषयी एक ओळही नाही, आणि रिकार्डोंविषयी अर्धे पान आहे.

काय करावे, तर पहिली गोष्ट अशी, की ओळखीचा शब्द अर्थशास्त्राच्या पुस्तकात दिसला की तो नवा समजा. त्याच्यासाठी वहीचे एक पान राखा आणि त्यावर शब्दकोशातला अर्थ उतरवण्याऐवजी तो शब्द ज्या वाक्यात आला ते पूर्ण वाक्य लिहा, खाली वर्तमानपत्रातले त्याच शब्दाचे वाक्य लिहा, आणि दोन्हींत काय वेगळे आहे ते मराठीत एका ओळीत लिहा. असे शब्द शेकड्यांनी नाहीत. पहिल्या वर्षात चाळीस-पन्नास पाने भरली की पुष्कळ काम होते.

दुसरी गोष्ट मला सर्वांत उपयोगाची वाटते. प्रत्येक शब्दाला विचारा, हे कशात मोजतात आणि केव्हा मोजतात? कांद्याचेच पाहा. उन्हाळ कांदा निघाला, शेतकऱ्याने 100 क्विंटल चाळीत भरला आणि आजच्या भावाला त्यातला 15 क्विंटल लासलगावच्या बाजारात नेला. चाळीतला कांदा हा साठा, तो एका दिवशी मोजायचा. बाजारात विकायला काढलेला हा पुरवठा, तो विशिष्ट भावाला आणि विशिष्ट कालावधीत मोजायचा. भाव चढला की पुरवठा वाढेल, पण त्या दिवशी शेतात नवा कांदा उगवणार नाही. भांडवल साठ्यासारखे आहे आणि गुंतवणूक प्रवाहासारखी. संपत्ती आणि उत्पन्न यांचेही तसेच. इंग्रजीत एका अक्षरावरही हा फरक तोललेला असतो : ‘सेव्हिंग’ म्हणजे या वर्षी बाजूला टाकलेले, ‘सेव्हिंग्ज’ म्हणजे आजवर साठलेले. ‘इकॉनॉमी’ अर्थव्यवस्था असते, पण ‘इकॉनॉमीज ऑफ स्केल’ मोठ्या उत्पादनामुळे होणाऱ्या बचती असतात. शब्दाच्या शेवटाकडे आणि त्याच्या आगेमागे कोणता शब्द आहे त्याकडे डोळा ठेवला, तर निम्मे गोंधळ वाचतानाच सुटतात.

तिसरे साधन फुकट आहे. बालभारतीची अकरावी-बारावीची अर्थशास्त्राची पुस्तके मराठी आणि इंग्रजी दोन्ही माध्यमांत त्यांच्या संकेतस्थळावर मिळतात. तेच प्रकरण दोन्ही भाषांत शेजारी-शेजारी उघडा. मागणीच्या प्रकरणात तुम्हाला दिसेल, की किंमत बदलल्यामुळे मागणी कमी-जास्त झाली तर मराठी पुस्तक विस्तार आणि संकोच म्हणते, आणि उत्पन्न किंवा आवड बदलल्यामुळे झाली तर वृद्धी आणि ऱ्हास. हे चार शब्द तुमच्याकडे पाठ आहेत. इंग्रजी वर्तमानपत्र दोन्हींना सरसकट ‘डिमांड वाढली’ म्हणून मोकळे होते, आणि मागणीच्या आलेखातल्या वक्ररेषेवरून सरकायचे की वक्ररेषाच सरकवायची, यात मुले चुकतात. भाषा संचालनालयाचा अर्थशास्त्राचा परिभाषा कोशही हाताशी ठेवा. तो इंग्रजी संज्ञेला नेमका मराठी शब्द देतो, आणि जिथे एका संज्ञेला दोन मराठी शब्द आढळतील तिथे तुमच्या वहीसाठी एक पान तयार आहे असे समजा.

तुमच्यासारख्या इतरांनी एक चौकशी आपल्या विभागात जरूर करावी : उत्तरपत्रिका मराठीत लिहिण्याची मुभा आहे का? काही ठिकाणी ती असते आणि विद्यार्थ्यांना ठाऊक नसते. मुभा असली तरी संज्ञा दोन्ही भाषांत लिहा, म्हणजे तपासणाऱ्याला तुमचा ‘खंड’ कोणता ते कळेल.

वडिलांना काय सांगायचे, हे तुम्ही शेवटी विचारले आहे. बी.एड. हा चांगला मार्ग आहे आणि एम.ए. झाल्यावरही तो खुला राहील, हे त्यांना सांगा. नंतर त्यांच्यासमोर ती उत्तरपत्रिका ठेवा आणि काकांच्या प्लॉटचे उत्तर का चुकले ते त्यांना मराठीत समजावून सांगा. ते शेती करतात, खंड आणि चाळ त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगली कळते. त्यांना पटले, तर तीच उत्तरपत्रिका घेऊन सोमवारी तुमच्या प्राध्यापकांकडे जा, आणि गुण वाढवून मागण्याऐवजी ‘रेंट’चा प्रश्न आपण पुन्हा लिहून आणला तर त्या तपासतील का, एवढेच विचारा.